भिंतीला टेकू नये

"हा जावई आहे," मसाजवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी सेक्रेटरींच्या उजव्या खांद्याखाली अंगठा रोवला.

सेक्रेटरींच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःसुद्धा यापूर्वी कधी ऐकला नव्हता. ते पालथे पडले होते. टेबलाला चेहऱ्याच्या जागी एक भोक होतं, आणि त्या भोकातून त्यांना खालची फरशी, बाईंच्या सपाता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या बायकोचे पाय एवढंच दिसत होतं. पाय सगळं लक्ष देऊन ऐकत होते.

"बघा ताई, हात लावून बघा. जावयाबद्दल काहीतरी मनात आहे आणि बोलत नाहीत. त्याच्या शेजारची ही बारकी गाठ, ही ऑफिस. आणि ही..." बाई थांबल्या. कमरेच्या जरा वर त्यांनी कोपर टेकवलं आणि त्यावर आपला सगळा भार सोपवला. भार भरपूर होता. "ही कोण ते नाही कळलं मला. पण जुनी आहे."

"ती मी असेन," बायको म्हणाली.

बाई बायकोला ताई म्हणत होत्या आणि सेक्रेटरींना काका. नवरा-बायकोच्या वयात काही फार अंतर नव्हतं, पण अंगावर फक्त टॉवेल असलेल्या माणसाने असले मुद्दे काढायचे नसतात.

सेक्रेटरी हे काही त्यांचं नाव नव्हे. नोकरीने ते विमा कंपनीत वरिष्ठ कारकून. पण इमारतीच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद इतकी वर्षं त्यांच्या गळ्यात आहे की आता ऑफिसातले लोकही त्यांना सेक्रेटरी म्हणतात, आणि बायको रागावली की तीही. त्यांची पाठ धरली तीसुद्धा सोसायटीच्याच कामी. जिन्याला नुकताच बदामी रंग दिला होता. दर मजल्यावर स्वतः सेक्रेटरींनी 'भिंतीला टेकू नये' अशा पाट्या लावल्या होत्या, आणि तरीही पहिल्या मजल्यावर कुणीतरी भिंतीवर चपलेचा ठसा उमटवला होता. चपलेचा ठसा इतक्या उंचावर उमटवायला माणसाला नेमकं काय करावं लागतं, याचा विचार करत तो पुसायचं फडकं बादलीत बुडवायला ते वाकले आणि तसेच राहिले. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई खाली उतरत होत्या. सेक्रेटरींचं काहीतरी हरवलंय असं वाटून त्याही शेजारी वाकून शोधू लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आपण काय शोधतोय?" तेव्हा सेक्रेटरींना खरं सांगावं लागलं.

आता पाठ काय, कुणाचीही धरते. पण येत्या रविवारी मुलगी नातीला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होती. नात दूरच्या शहरात जन्मली. बायको तिकडे जाऊन, राहून, न्हाऊमाखू घालून आली. सेक्रेटरी मात्र इथेच राहिले, कारण जिन्यात रंगारी होते आणि रंगाऱ्यांवर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. त्यामुळे त्यांनी नात पाहिली ती फोनवर, आणि फोनवर ती कायम व्याह्यांच्या हातात. व्याही रोज पोहायला जातात. त्यांचे दंड फोटोत मावत नाहीत. सेक्रेटरी तो फोटो बोटांनी मोठा करून नुसती नात दिसेल असा ठेवायचे, पण कडेला थोडासा दंड उरायचाच.

त्यात बायकोने निकाल दिला. "ज्याला स्वतःच्या पायात मोजा चढवता येत नाही, त्याने बाळाला उचलायचं नाही. खुर्चीत बसा आणि लांबून बघा."

लांबून तर ते इतके दिवस बघतच होते. हे बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. म्हणून ज्या माणसाने आयुष्यात न्हाव्यालाही डोकं दाबू दिलं नव्हतं, तो आज टेबलावर पालथा पडला होता.

बाईंचा हात आणि तोंड एकाच वेळी चालायचं. "पाणी पिता का काका?"

"पितो की."

"तहान लागल्यावर पीत असाल. तहान लागायच्या आधी प्यायचं."

"ती लागणार आहे हे आधी कसं कळणार?"

"तेच तर शिकायचंय. श्वास पोटात घ्यायचा, छातीत नाही. पाकीट मागच्या खिशात घालून बसायचं नाही, माणूस एका बाजूला कलतो. फोन डोळ्यांसमोर आणायचा, आपण मान घालून फोनकडे जायचं नाही. झोपताना गुडघ्यांखाली उशी. खांदे कानांजवळ न्यायचे नाहीत, कानांना त्यांचं काही काम नसतं. आणि मुख्य म्हणजे राग आला तर गिळायचा नाही. गिळलेला राग कमरेत जाऊन बसतो."

"मग करायचं काय त्याचं?"

"बोलून टाकायचं. जे मनात असेल ते, मोठ्याने."

सेक्रेटरींनी भोकातून बायकोच्या पायांकडे पाहिलं आणि तूर्त गिळला.

शेवटी बाईंनी खरं औषध सांगितलं. त्यांनी कपाटातून एक जुना टेनिसचा चेंडू काढला, तो आपली पाठ आणि भिंत यांच्यामध्ये दाबून धरला, गुडघे किंचित वाकवले आणि त्या वर-खाली, वर-खाली होऊ लागल्या. त्यांचे डोळे मिटले. चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली की नवरा-बायको दोघंही क्षणभर संकोचून दुसरीकडे बघू लागले.

"एवढं रोज करा. रविवारपर्यंत बाळ काय, बाळाच्या आईलासुद्धा उचलाल. चेंडू नवा घेऊ नका, टोचतो. वापरून लव गेलेला बघा. आणि भिंत मोकळी हवी बरं का."

या शेवटच्या वाक्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

लव गेलेला चेंडू इमारतीत एकाच प्राण्याकडे होता: चेअरमनच्या कुत्र्याकडे. चेअरमन तळमजल्यावर राहतात. ते निवृत्त अधिकारी आहेत. कुठल्या खात्यातले ते सांगत नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना वचकून असतात. त्यांनी सेक्रेटरींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चेंडू माझा नाही. ज्याचा आहे त्याला विचारा."

सेक्रेटरींनी आजवर भल्याभल्यांना विनंत्या केल्या होत्या, पण कुत्र्याला केली नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि कारण थोडक्यात सांगितलं. कुत्र्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग चेंडूकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"नाही म्हणत नाहीये," चेअरमन म्हणाले. "पण मनातून त्याला पटलेलं नाही. न्या."

घरी येऊन सेक्रेटरी चेंडू हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभे राहिले. आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या घरात भिंतच नाही.

म्हणजे भिंती होत्या, चांगल्या भक्कम होत्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायची सोय नव्हती. एका भिंतीला सोफा आणि त्यावर फोटोंची रांग. समोरच्या भिंतीला टीव्ही, आणि टीव्हीभोवती काचेचं शोकेस. त्यात मुलीने शाळेत धावण्यात मिळवलेले कप, एक काचेचा हंस आणि कधीच न वापरलेला चहाचा सेट. तिसऱ्या भिंतीत खिडकी, खिडकीखाली शिलाई मशीन, मशीनवर कव्हर, कव्हरवर चार्जर. स्वयंपाकघरात फडताळं, फ्रिज, डबे आणि डब्यांवर डबे. दाराच्या मागे खुंट्या, खुंट्यांना पिशव्या आणि पिशव्यांत पिशव्या. पॅसेजमध्ये चपलांचा रॅक, घडीच्या खुर्च्या आणि ज्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं असं सगळं. झोपायच्या खोलीतली उरलेली एकमेव लांबरुंद भिंत बायकोच्या लाकडी कपाटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापलेली. घर घेतलं तेव्हा चार भिंती मिळाल्या म्हणून केवढा आनंद झाला होता! आज त्यातली हातभर भिंत मोकळी मिळत नव्हती.

बाथरूमला मात्र नुसत्या फरशा होत्या. सेक्रेटरी आत गेले, कडी लावली, चेंडू पाठीला लावून टेकले. फरशीवर चेंडू घसरला, चेंडूमागून सेक्रेटरी घसरले, आणि दोघंही बादलीत गेले. चेंडू तरंगला.

"अहो, काय चाललंय?" बाहेरून आवाज आला.

"व्यायाम."

"मग पाणी कसलं सांडतंय?"

सेक्रेटरींनी बादलीत बसल्या बसल्या नळ सोडला, म्हणजे आंघोळ चालली आहे असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेंडू ऑफिसात नेला. मागच्या खिशात पाकीट ठेवू नये असं बाईंनी सांगितलं होतं. चेंडूबद्दल काही म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते दिवसभर एका बाजूला कलून बसले. ऑफिसात तर सगळ्या भिंतींना फायलींची कपाटं. एक भिंत तेवढी उघडी होती, ती बाहेरच्या दालनात, दाव्यांच्या बंद पडलेल्या खिडकीच्या शेजारी. ही खिडकी का बंद आहे आणि कधी उघडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरी तिथे गेले, चेंडू पाठीशी धरला, डोळे मिटले आणि वर-खाली होऊ लागले. खरंच बरं वाटत होतं. ऑफिसची गाठ सुटते आहे असंही त्यांना वाटलं.

डोळे उघडले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला एक गृहस्थ भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या पलीकडे एक बाई, त्यांच्या पलीकडे आणखी दोघं. रांग पार दारापर्यंत गेली होती, आणि सगळे एकाच चालीत वर-खाली होत होते.

"खिडकी कधी उघडणार हो?" गृहस्थांनी विचारलं.

"ही उघडत नाही."

"मग तुम्ही कशाला उभे आहात?"

"माझी पाठ धरलीय."

हे रांगेत मागे सरकत सरकत गेलं. शेवटच्या माणसापर्यंत पोचलं तेव्हा त्याचं 'पाठ धरल्याशिवाय दावा मंजूर होत नाही' असं झालं होतं. शेवटच्या माणसाने आवाज चढवला, तशी बाकीच्यांनीही चढवला. साहेब बाहेर आले. त्यांनी रांग पाहिली, रांगेच्या तोंडाशी आपला वरिष्ठ कारकून पाहिला, त्याच्या पाठीमागून घरंगळत आपल्याच बुटापाशी येऊन थांबलेला चेंडू पाहिला, आणि चेंडूला वळसा घालून ते आत निघून गेले. साहेब ओरडले असते तर परवडलं असतं. सेक्रेटरींनी चेंडू उचलायचा म्हणून वाकायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच थांबले. चेंडू शेवटी रांगेतल्या बाईंनी उचलून दिला.

आता उरला जिना. बदामी रंगाच्या, गुळगुळीत, रिकाम्या भिंती तळापासून गच्चीपर्यंत! ज्याने पाट्या लावल्या त्याने तिथे टेकणं म्हणजे स्वतःच्याच तोंडाला काळं फासणं, हे सेक्रेटरींना कळत होतं. पण रविवार जवळ येत होता, आणि मोजे अजून बायकोच चढवत होती. सकाळी जिन्यात वर्दळ नसते तेव्हा ते पहिल्या मजल्यावर गेले, पाटीकडे पाठ केली आणि टेकले. तीन-चारदाच वर-खाली झाले असतील, खालून नखांचा आवाज आला.

कुत्रा मजल्यावर येऊन थांबला. त्याने हवेत वास घेतला. आपला चेंडू कुठे आहे हे त्याला कळलं. सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, आपलं बोलणं झालंय." पण कुत्र्याला ते बोलणं मुळातच मान्य नव्हतं. तो भिंत आणि सेक्रेटरी यांच्या फटीत तोंड खुपसू लागला. सेक्रेटरी भिंतीला आणखी घट्ट चिकटले. कुत्रा ओढतोय, सेक्रेटरी सरकताहेत, असं करत करत ते भिंतीला घासत अर्धा जिना खाली आले. मागे बदामी भिंतीवर त्यांच्या बनियनचा एक लांबच लांब पट्टा उमटला, आणि जिन्याच्या तळाशी चेअरमन साखळी हातात घेऊन उभे होते. त्यांनी वरची पाटी वाचली, मोठ्याने आणि सावकाश. मग ते म्हणाले, "खाली सही कुणाची आहे हो?"

त्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी बायकोला सांगितलं, "कपाट हलवायचं."

कपाट बायकोच्या वडिलांनी दिलेलं. भक्कम लाकडाचं, दोन माणसं आत उभी राहतील एवढं. त्या कपाटावर बायकोने आजवर नवऱ्याला साधं कॅलेंडर टांगू दिलं नव्हतं. तिने पदराने कपाटाचं दार पुसलं. मग म्हणाली, "एवढी हवीय का हातात नात?"

सेक्रेटरींनी मान हलवली. मान हलवताना कळ आली.

"न्या मग जिन्याखालच्या खोलीत. पण एक ओरखडा आला तर तुमची पाठ मी बघते."

जिन्याखालची खोली सोसायटीची. शिवाय जड सामान हलवायचं तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करावा लागतो, हा नियम सेक्रेटरींनीच केलेला. या नियमापायी त्यांनी एका भाडेकरूचा पलंग पावसाळाभर अंगणात ठेवायला लावला होता. चेअरमननी नियमाची आठवण करून दिली. सेक्रेटरींनी सेक्रेटरींना अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं लिहिलं. मग पंख्याखाली बसून तो अर्ज वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं, की 'वैयक्तिक' एवढ्यावर आपण आजवर एकही अर्ज पुढे जाऊ दिलेला नाही. तो त्यांनी परत केला. नवीन अर्जात त्यांनी जड हाताने लिहिलं: 'पाठ चेंडूवर घासण्यासाठी.' हा अर्ज मंजूर झाला आणि नियमाप्रमाणे फळ्यावर लागला. त्यानंतर जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांच्या पाठीकडे बघून मग तोंडाकडे बघू लागला.

शनिवारी सुतार आला, हमाल आले, आणि न बोलावलेली सगळी इमारत आली. शिकवणीवाल्या बाई गणित शिकवतात. त्यांनी टेप लावून मोजमाप घेतलं आणि कपाट तिरकं केलं तर वळणावरून नक्की उतरेल असं कागदावर सिद्ध करून दिलं. ते खरंही होतं. फक्त जिन्याला कठडा असतो हे कागदावर नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर कपाट असं काही बसलं, की जणू जिना त्याच्याभोवती बांधला होता. ते खाली जाईना, वर येईना.

"थोडं डावीकडे!" वरून कुणी म्हणालं.

"कुणाच्या डावीकडे?" खालून कुणी विचारलं, आणि या मुद्द्यावर बराच वेळ गेला.

सुतार म्हणाला, "मागची फळी काढतो. हलकं होईल." फळी काढली. कपाट हलकं झालं, पण हललं नाही. सुताराने कपाटाला चारी बाजूंनी हात लावून पाहिला आणि तो आणखी हत्यारं आणायला म्हणून गेला. हमाल त्याला शोधायला गेले. सेक्रेटरींनी एकट्यानेच कपाटाला खांदा लावून बघितला, आणि या वेळी पाठीने जो आवाज केला तो पार तळमजल्यापर्यंत ऐकू गेला.

आता वरच्या लोकांनी घरी जायचं कसं? प्रश्न शिकवणीवाल्या बाईंनीच सोडवला. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं, लटकणारे हँगर बाजूला केले आणि मागच्या भोकातून त्या वरच्या पायरीवर निघाल्या. त्यांच्या मागून एकेक जण निघाला. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत कपाटातून ये-जा करू लागली. आत जाताना लोक दारावर टकटक करायचे. चेअरमन एकदा मुद्दाम पाहणीला म्हणून येऊन गेले आणि घरी जाताना त्यांच्या खांद्यावर सेक्रेटरींच्या बायकोचा स्वेटर अडकून आला होता.

बायकोने आतले उरलेले कपडे काढताना कपाटावरून एकदा हात फिरवला. ओरखड्याचा प्रश्नच उरला नव्हता.

रविवारी सेक्रेटरींना बसता येत नव्हतं, झोपता येत नव्हतं, वाकण्याची तर बातच सोडा. पण झोपायच्या खोलीत कपाटामागची भिंत मोकळी झाली होती. तिच्यावर घर घेतलं तेव्हाचा जुना निळा रंग तसाच होता. सेक्रेटरी सकाळपासून तिला चेंडूसकट टेकून उभे होते, कारण उभं राहण्याचा तेवढाच एक प्रकार त्यांना जमत होता. दरवाजातून बाहेरचा जिना त्यांना थोडासा दिसत होता.

आधी कपाटातून जावई निघाला, तीन पिशव्या आणि फोन घेऊन. "बाबा, हे कायमचं आहे का?" त्याने विचारलं. सेक्रेटरींच्या खांद्याखालची ती गाठ टरारून वर आली. त्याच्यामागून मुलगी कपाटात शिरली आणि आतच थांबली. "आई, तुझं कपाट!" ती म्हणाली. "मी रुसले की यातच बसायचे." मग ती हसत हसत बाहेर आली, आणि तिच्या हातातली नात रडत रडत.

नात जी रडायला लागली ती थांबेना. आजीने घेतलं, थांबेना. आईने पाजलं, थांबेना. जावयाने फोनवर बाळांना झोपवणारा आवाज लावला, तो मिक्सरसारखा होता. नात त्याच्याही वर आवाज काढू लागली. कपाटातून वर निघालेल्या शिकवणीवाल्या बाईंनी पाढे म्हणून पाहिले. जावई म्हणाला, "आमचे बाबा घेतात तेव्हा लगेच गप्प होते. त्यांचा हात भक्कम आहे ना." आणि त्याने फोन काढला, नातीला व्हिडिओवर व्याही दाखवावेत म्हणून.

भिंतीला टेकून सेक्रेटरी हे सगळं बघत होते. नातीचा लाल झालेला चेहरा त्यांना मुलीच्या खांद्यावरून अर्धाच दिसत होता. त्यांना रडू आलं. आणि मसाजवाल्या बाईंनी सांगितलेलं सगळं एकदम आठवलं. त्यांनी पोटात श्वास घेतला.

"ठेव तो फोन!" ते ओरडले. सगळे दचकून गप्प झाले. फक्त नात तेवढी चालू राहिली. "नाही पाहिजे मला व्याह्यांचे दंड! माझी नात आहे ती. मला हवीय हातात. ही जन्मली तेव्हा मी जिना रंगवत बसलो, जिना! तो कुठे पळून चालला होता का? मी यायला हवं होतं आणि आलो नाही. आता ती माझ्या घरात आलीय आणि मी लांबून बघणार नाही!"

इतकं सलग ते सोसायटीच्या सभेतही कधी बोलले नव्हते. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या निळ्या भिंतीकडे पाहिलं, जिथे तिचं कपाट होतं. तिने मुलीच्या हातून बाळ घेतलं आणि आणून त्यांच्या हातांत ठेवलं.

"वाकायचं नाही," ती म्हणाली.

"वाकता येतंय कुणाला!"

नात उबदार होती, आणि फोटोत दिसते त्यापेक्षा कितीतरी जड. आपल्या हातून पडेल या भीतीने सेक्रेटरींचे गुडघे लटपटले. ते लटपटले तसे सेक्रेटरी चेंडूवरून खाली सरकले, घाबरून वर आले, पुन्हा सरकले, पुन्हा वर आले. नात थांबली. तिने डोळे उघडून वर बघितलं, हा कोण माणूस आहे तो नीट पाहून घेतला, आणि एक लांब उचकी दिली. सेक्रेटरी खाली गेले, वर आले. तिने डोळे मिटले.

"थांबू नका," बायको कुजबुजली.

सेक्रेटरी थांबले नाहीत. दारात शेजारी गोळा झाले होते. कुत्राही कपाटातून आला होता. चेअरमननी त्याची साखळी घट्ट धरली, पण त्याने काही केलं नाही. तो सेक्रेटरींसमोर बसून मान वर-खाली करत राहिला आणि थोड्या वेळाने तोही तिथेच आडवा झाला. सेक्रेटरींच्या पाठीत काहीतरी एकेक सुटत होतं. जावयाची गाठ की ऑफिसची ते त्यांना सांगता आलं नसतं.

मुलगी आठवडाभर राहिली. नात आजोबांच्या हातावर, त्या भिंतीपाशीच झोपायची. दुसरीकडे कुठे ठेवलं की घर डोक्यावर घ्यायची. सुतार परत आला, त्याने कपाट सुटं करून वर आणलं, पण बायकोने ते हॉलमध्ये शोकेसच्या जागी ठेवायला लावलं. मसाजवाल्या बाई एकदा पाठ बघायला आल्या. त्यांनी सगळीकडे दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळे गेले. ती जुनी तेवढी आहे."

"ती राहू द्या," सेक्रेटरी म्हणाले.

मुलगी गेली त्यानंतर चार दिवसांत जावयाचा फोन आला. मागे नात टाहो फोडत होती. जावयाचा आवाज पार बसला होता.

"बाबा, ही झोपतच नाही. आमच्या बाबांच्या भक्कम हातांवरसुद्धा नाही. एक विचारायचं होतं. कपाट हलवायचं असलं की मागची फळी आधी काढायची की नंतर?"

"काही हलवू नकोस," सेक्रेटरी म्हणाले. "मी येतो."

बायकोने बॅग खाली काढायला स्टूल ओढलं होतंच. "अहो, पण सोमवारपासून टाकीचं काम निघतंय ना? गवंड्यांवर उभं कोण राहणार?"

"चेअरमन राहतील."

त्यांनी बॅगेत कपडे भरले आणि सगळ्यांत वर चेंडू ठेवला. मग टेबलाशी बसून सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावे रजेचा अर्ज लिहिला, कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं लिहिलं, आणि जास्त काही न विचारता मंजूर करून टाकला.